काकींचा तळहात

“थुंक. हितं थुंक, माझ्या हातावर.”

काकी हे हळूच म्हणाल्या. पण बोटीवरच्या त्या जेवणघरात सगळेच कुजबुजत बोलत होते, त्यामुळे चार टेबलांपलीकडच्या माना वळल्या. पांढरा टेबलक्लॉथ, काचेचे उंच पेले, कमळासारखे घडी केलेले रुमाल, आणि या सगळ्याच्या मधोमध नातवाच्या हनुवटीखाली धरलेला काकींचा उघडा तळहात. नऊ वर्षांच्या ओमच्या तोंडात कच्चं कालव होतं. वर लिंबू पिळून ते शिंपल्यातून थेट तोंडात ओढून घ्यायचं असतं. ओमने ओढलं होतं, पण आता ते गिळावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

वेटर रुमाल घेऊन धावला. काकींनी त्याला मानेनेच थांबवलं. ओमने एकदा त्या हाताकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गिळून टाकलं.

“कसं हाय?”

“समुद्रात पडल्यासारखं,” ओम म्हणाला. “अजून एक पाहिजे.”

तुम्ही लहान मुलांना जेवताना पाहिलं असेलच. नवीन पदार्थ समोर आला की आपण त्यांना काय सांगतो? खाऊन तर बघ, छान आहे, शहाणा ना तू. काकी यातलं काहीच सांगत नसत. त्या फक्त हात पुढे करत. नाही आवडलं तर परत यायला जागा आहे, एवढंच त्या हाताचं म्हणणं. आणि तो हात समोर असला की मुलं काहीही तोंडात घालत. मी हे कितीदा पाहिलं, तरी प्रत्येक वेळी मला ते नवल वाटलं.

काकी शहापूरला आमच्या समोरच्या घरात राहत. माहेर मुरबाडकडचं, म्हसा गावाच्या अलीकडचं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी उभं आयुष्य नोकरी केली. आमच्या गल्लीतली अर्धी तरुण माणसं त्यांच्या हातची उसळ खाऊन मोठी झाली. मी मात्र त्यांत नव्हते. मला व्हॅन न्यायला यायची, डब्यात सँडविच असायचं, आणि शाळेत मराठी बोललं की शिक्षा असायची. पुढे मला दोन्ही भाषांत गप्प बसायची सवय लागली. काकींना त्याचं काही वाटत नसे. “बोलंल गो ती. तिचं आत शिजतंय,” असं त्या माझ्या आईला सांगत.

दर वर्षी त्या गल्लीतल्या पोरांना शेवळं खायला घालत. ही रानभाजी दिसायला विचित्र, जांभळट, आणि तिच्यात काकडं नावाची आंबट फळं पुरेशी पडली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. एका वर्षी काकींचाच अंदाज चुकला. संध्याकाळी सगळी गल्ली घसा खाकरत होती. काकी गुळाचा डबा घेऊन घरोघरी फिरल्या. “काकडं कमी पडली रे बाबांनो. माझंच चुकलं. पुढच्या साली बरोबर करते.” एका बाईंनी त्यांना दारातच सुनावलं. काकींनी ऐकून घेतलं आणि गूळ ठेवून पुढच्या घरी गेल्या.

पुढच्या साली तीच पोरं, तीच भाजी. एकही मागे राहिलं नाही. रांगेत सगळ्यांत पुढे होती काकींची नात, सावी, जेमतेम तीन वर्षांची. चिंबोरीची नांगी काय, कडू कारलं काय, सुकटीची चटणी काय, तोंड उघडण्यात सावीचा पहिला नंबर असे.

म्हणूनच बोटीवर जे झालं ते आम्हाला कळेना.

काकींचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी आहे. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर. तेव्हा सावी सहा वर्षांची झाली होती, आणि तिच्यासाठी पप्पा म्हणजे मोबाईलवरचा चेहरा. त्या वर्षी त्याची बोट मुंबईहून कोचीला जाऊन परत येणार होती आणि घरच्यांना सवलतीत नेता येणार होतं. सावीच्या आईला कसाऱ्याच्या दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली नाही. मग काकी, सावी, काकींच्या मुलीचा मुलगा ओम आणि मी असे निघालो. मला का नेलं ते काकी बंदरावर सगळ्यांना सांगत होत्या. “आमच्यासंगं इंग्लिशवाली हाय.”

इंग्लिशवालीचा उपयोग पहिल्याच रात्री दिसला. एका बशीत चीज आलं. त्यात निळ्या रेषा होत्या.

“याला बुरशी आलेय,” काकी म्हणाल्या. “सांग त्याला, परत ने म्हणावं.”

मी मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, तपासलं, पुन्हा जुळवलं. तोवर वेटर निघून गेला. नंतर दादाकडून कळलं की ती बुरशी मुद्दाम आणलेली असते.

“मुद्दाम?” काकींचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटभर तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि स्वतःच्याच तळहातावर काढून ठेवला. “नाय गो बाय. ह्ये त्यांचं त्यांना लखलाभ.” मुलं इतकी हसली की ओमला ठसका लागला. मग आजीने थुंकलेलं आपल्याला जमतंय का बघायला त्याने मोठा तुकडा खाल्ला. त्याला आवडलंसुद्धा. लसूण-लोण्यातली गोगलगाय, भाताच्या गोळीवरचा कच्चा मासा, सगळं त्याने खाल्लं. गोगलगायीला मात्र त्याने आधी “सॉरी हां” म्हटलं.

सावी पाव आणि केळं खात होती. प्रत्येक ताट आलं की ती एकच विचारायची, “हे त्यांनी केलंय?” त्यांनी म्हणजे पप्पांनी.

“हो,” असं म्हटलं की ताट दूर.

दादाला दुपारी थोडा वेळ मिळायचा. तो डेकच्या एका कोपऱ्यात येऊन उभा राहायचा, पांढऱ्या कपड्यांत, घामेजलेला. सावी काकींच्या पदरामागे. त्याने आणलेलं चॉकलेटही ती घेत नव्हती. पडद्यावरचा माणूस एवढा उंच असेल, त्याला वास असेल, हे तिला बहुधा पटत नव्हतं. शेवटच्या दुपारी दादा कठड्याकडे तोंड करून म्हणाला, “आई, उद्या सकाळी तुमी उतरणार. बोट मुंबईवरूनच बाहेरदेशी जाणार. परत येईन तवा ही सात वर्षांची असंल. माझ्या हातचा एक घास तरी खाऊ दे गो तिला. जबरदस्तीनं भरव पायजे तर.”

“जबरदस्तीनं तं कुत्र्याचं पिल्लू पण खात नाय,” काकी म्हणाल्या. “तिच्या हातचं तू काय खाल्लंस का कधी?”

“नाय,” दादा म्हणाला.

“मग? अनोळखी माणसाच्या हातचं आपण खातो का? अंगणवाडीत नवं पोर आलं की मी आधी त्याच्या हातचं खायचे. शेंबड्या हातानं भरवायची ती पोरं. एकदा मी त्यांचं खाल्लं, की मग मी अनोळखी कुठं राहिले?”

काकी गेल्या हिवाळ्यात वारल्या, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला अंगणवाडी आठवत नाही, घरही नाही. आठवते ती बोटीवरची शेवटची संध्याकाळ. तेवढी सांगते.

अशा बोटींवर एक रीत असते. शेवटच्या जेवणाला सगळे स्वयंपाकी रांगेने बाहेर येतात, संगीत सुरू होतं, आणि पाहुणे उभे राहून डोक्यावर रुमाल फिरवतात. शेकडो पांढरे रुमाल. काकीही फिरवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. मुलाच्या हातच्या जेवणासाठी एवढी माणसं उभी राहिलेली त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

रांग आमच्या टेबलापाशी आली आणि दादा बाजूला झाला. हातात बशी. त्यात कुरकुरीत तळलेले इवलेसे ऑक्टोपस, पाय फुलासारखे वळलेले. तो सावीच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. सावी काकींकडे सरकली.

काकींनी तिला पुढे ढकललं नाही. त्या म्हणाल्या, “सावी, ह्यो सकाळपासून उभा हाय. काय खाल्लं नाय त्यानं. भरव त्याला.”

दादाने मागे पाहिलं. पाहुण्यांसमोर काही खायला त्या लोकांना मनाई असते. सावीही त्याच्याकडे बघत राहिली, अगदी सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग तिने सगळ्यांत छोटा ऑक्टोपस चिमटीत धरला आणि हात जितका लांब जाईल तितका लांब केला.

दादाने तोंड उघडलं.

तो चावत असताना ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. “तिखट हाय?” तिने विचारलं. एवढ्या दिवसांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

“थोडं,” दादा म्हणाला.

संगीत थांबलं. रांग परत फिरली. त्याच्या वरच्या माणसाने खांद्यावर हात ठेवला आणि दादा उठला. बशी टेबलावर तशीच राहिली. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला, पाठ आमच्याकडे, मान खाली. सकाळी आम्ही उतरताना तो आत नाश्त्याच्या कामावर असणार होता, हे आम्हाला ठाऊक होतं.

तेवढ्यात सावीने बशी ओढली. एक ऑक्टोपस उचलला, त्याचे पाय मोजल्यासारखे पाहिले, आणि अख्खा तोंडात टाकला. ओम ओरडणार एवढ्यात काकींनी त्याचं तोंड दाबलं. सावी चावत होती. गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती चावत होती.

काकी उभ्या राहिल्या. मुलाला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. अख्ख्या गल्लीला पुरणारा त्यांचा आवाज, पण तो फुटलाच नाही. ओठ हलले फक्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दादाचा हात दाराला लागला होता. जेवणघरात सगळे खाली बसत होते आणि एकदम शांतता पसरली होती. मी उठले. माझी खुर्ची मागे आदळली. सगळ्या माना वळल्या, त्या मला दिसल्या, आणि तरी मी ओरडले,

“दादा, मागे बघ! सावी खातेय! तू केलेलं खातेय ती!”