जॉर्डनपार नेणारी लुव्हेनिया

लुव्हेनिया गॅट्लिनने माणसं उचलली. आमच्या बोडार्क गावात तिच्याबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच ऐकाल. चर्चमध्ये ती गायची झकास, कॅटफिश मासा तळायची त्याहून झकास, नवऱ्याला घराबाहेर काढलं तेव्हा त्याची टोपीसुद्धा मागे राहू दिली नाही. पण ते सगळं नंतर. आधी माणसं उचलली.

बोडार्क अर्धं टेक्सासात, अर्धं आर्कान्सासात. स्टेट लाइन रोडच्या या अंगाला एक पोलीस, त्या अंगाला दुसरा. आमच्यातले निम्मे लोक इकडे झोपतात आणि तिकडे पितात. लुव्हेनियाचं घर आर्कान्सासात आणि तिचं चर्च टेक्सासात होतं. "देव पलीकडे राहतो, म्हणून आठवडाभर मला जरा मोकळीक असते," असं ती म्हणायची आणि पोट धरून हसायची.

कोंबडीचा कारखाना मात्र बरोबर रेषेवर होता. जुनी इमारत टेक्सासात. धंदा वाढला तसा कंपनीने नवा हॉल आर्कान्सासात काढला. दोन्हींच्या सांध्यावर, जमिनीतून, रक्ताचं पाणी वाहून नेणारी मोरी होती. तीच राज्याची हद्द. टेक्सासात मालकावर कामगाराचा विमा काढायची सक्ती नाही, आणि आमच्या मालकाने तो काढला नव्हता. आर्कान्सासात सक्ती आहे, म्हणून तिथे झक मारत काढला होता. म्हणजे मोरीच्या अलीकडे हात तुटला तर तुमचा हात आणि तुमचं नशीब. पलीकडे तुटला तर डॉक्टर, शस्त्रक्रिया, घरी बसल्याचा पगार, सगळं.

मग आम्ही काय करणार? त्या मोरीला आम्ही जॉर्डन नदी म्हणायचो, बायबलातली, जी ओलांडली की देवाने कबूल केलेली भूमी लागते. जुन्या हॉलमध्ये कुणाला लागलं की आरडाओरडा करायचा नाही. दोघांनी खांदे धरायचे, दोघांनी पाय, आणि माणूस उचलून जॉर्डनपार नेऊन ठेवायचा. तिथे ठेवला की मग बोंबला. ॲम्ब्युलन्स आर्कान्सासच्या फाटकातून येणार, आणि विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: "इथेच पडला, साहेब. माझ्या डोळ्यांदेखत." गोरे, काळे, मेक्सिकन, एरवी एकमेकांच्या डब्याकडे न बघणारे, पण यात फूट नव्हती. याला कुणी खोटेपणा म्हणणार असेल तर खुशाल म्हणा. त्या हॉलमध्ये एक पाळी काढा आणि मग म्हणा.

लुव्हेनिया जुन्या हॉलमध्येच, जिवंत कोंबड्या पायांनी आकड्यांना टांगायच्या कामावर. तिथे निळा अंधुक दिवा असतो, उजेडात पाखरं बिथरतात म्हणून. फडफड, पिसं, धूळ, आणि डोक्यावरून न थांबता सरकणारी साखळी. त्या कामाने तिचे दंड असे झाले होते की खांदे धरायला पहिली तीच धावायची. रोझेटाची पाठ मोडली, तिला हिने उचललं. म्हाताऱ्या विल्बर्नची बोटं गेली, त्याला हिने उचललं. बोटंसुद्धा ॲप्रनमध्ये गोळा करून आणली.

आणि ऑर्थेल बिग्जला उचललं.

ऑर्थेल तिच्या शेजारच्या जागेवर उभा राहायचा. पिंजऱ्यांची चळत त्याच्या पायावर कोसळली तेव्हा त्याच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. लुव्हेनियाने त्याला एकटीने ओढत पार नेलं. तो कण्हत होता, "मिस लुव्ही, मला सोडू नका." ती दातओठ खात म्हणाली, "गप रे, बाळा. आधीच तू रविवारच्या जेवणासारखा जड आहेस." पुढे कंपनीने शंका काढली, तेव्हा बायबलवर हात ठेवून हिने शपथ घेतली की पिंजरे आर्कान्सासात पडले. ऑर्थेलच्या पायात सळई बसली. तो चालायला लागला. काही वर्षांनी मुकादम झाला, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा मानकरीही झाला. रविवारी सुटातून मिरवायचा, आणि तिला बघितलं की चर्चच्या रीतीने बहीण मानून म्हणायचा, "ही माझी जॉर्डनवाली सिस्टर!"

मग एका शुक्रवारी साखळीच्या आकड्यात लुव्हेनियाचा हातमोजा अडकला. साखळी थांबली नाही. साखळी थांबवायचं बटण मुकादमाच्या हाताशी असतं, आणि ऑर्थेलने ते दाबलं, पण दाबेपर्यंत तिचा उजवा खांदा निखळून आतलं सगळं फाटलं होतं. आम्ही तिला उचललं. मी डावा खांदा धरला होता आणि पाय ऑर्थेलने. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: जॉर्डन ओलांडताना तो रडत होता.

डॉक्टर म्हणाला, खांद्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तर हात वर उचलता येईल. उशीर झाला तर नाही. कंपनीने विमा अडवला, सुनावणी लागली. आम्ही कुणी घाबरलो नाही. सुनावणीआधीच्या रविवारी ऑर्थेलने चर्चच्या पायऱ्यांवर तिला मिठी मारली, दुखऱ्या खांद्याला सांभाळून. "सिस्टर, तू चिंता करू नकोस. मी आहे."

सुनावणी घेणारी बाई चष्म्यावरून बघणारी, तशी बरी होती. आम्ही एकेक जण उभे राहून बोललो: आर्कान्सास, आर्कान्सास, आर्कान्सास. कंपनीचा वकील पेन फिरवत बसला होता, एकालाही उलटा प्रश्न नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. शेवटी त्याने ऑर्थेलला बोलावलं. त्याने. आमच्या वकिलाने नव्हे.

"मिस्टर बिग्ज, मिसेस गॅट्लिन कुठे जखमी झाल्या?"

ऑर्थेलने सुटाचं बटण लावलं. "जुन्या हॉलमध्ये. टेक्सासात. नंतर त्यांना पलीकडे नेलं."

"कुणी नेलं?"

"आम्ही. मीसुद्धा होतो. देव मला क्षमा करो."

मी उठून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मला बाहेर काढलं. मी गेले, पण दारातून ओरडले, "पाय दाखव की तुझा, डीकन!" आमचा वकील पोरगेलासा होता, त्याला काही कळलं नाही. त्याने थोडा वेळ मागून घेतला.

बाहेरच्या बाकावर लुव्हेनिया झोळीतला हात कुरवाळत बसली होती. मी म्हटलं, "बोल ना! त्याचा पाय कुठे मोडला ते सांग! त्याच्या शब्दाची किंमत शून्य होईल. तुझ्या एका वाक्याचं काम आहे."

"आणि मग ते विचारतील, अजून कुणाकुणाला उचललं."

"विचारू देत!"

"रोझेटाची औषधं अजून त्याच विम्यातून येतात. विल्बर्नचा पगारही. एक दोरा ओढला की सगळं स्वेटर उसवतं, बाई." तिने झोळीची गाठ सरळ केली आणि म्हणाली, "ऑर्थेलला हे ठाऊक आहे. मी तोंड उघडणार नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तर त्याने उघडलं."

हे तिचं वाक्य मी अजून गिळू शकले नाही. भित्रा माणूस मी समजू शकते. विकला गेलेला माणूसही समजू शकते, नंतर तो अख्ख्या पाळीचा मोठा साहेब झाला तेव्हा कशाला विकला गेला तेही कळलं. पण तिच्या चांगुलपणाचा हिशेब आधी मांडून, त्याची खात्री करून घेऊन, मग तिच्या पाठीत सुरी घालणं? त्याला नाव द्यायला माझ्याकडे शिव्या कमी पडतात, आणि मी शिव्यांच्या बाबतीत गरीब नाही.

ती आत गेली. आमच्या वकिलाने विचारलं, "मिस्टर बिग्ज यांच्या साक्षीवर तुम्हाला काही म्हणायचं आहे?" ती म्हणाली, "नाही."

हरली. शस्त्रक्रिया झाली नाही. हात छातीपर्यंत येतो, वर जात नाही. खोटं बोलल्याबद्दल कंपनीने तिला काढून टाकलं; आम्हाला फक्त तंबी दिली, कारण सगळ्यांना काढलं असतं तर कोंबड्या कुणी टांगल्या असत्या? आणि त्यानंतर जुन्या हॉलमध्ये कुणी कुणाला उचललं नाही. एक नवी पोरगी घसरून पडली तेव्हा आम्ही सगळे नुसते उभे. प्रत्येक जण शेजारच्याकडे बघत होता. ती तिथेच टेक्सासात पडून राहिली. मीही उभीच होते.

ऑर्थेल एकदा लुव्हेनियाच्या घरी आला, कागदात गुंडाळलेला तळलेला मासा घेऊन. मी ओसरीवर तिच्या केसांना तेल लावत होते, तिचा हात तिथवर पोचत नाही म्हणून. तो फाटकाच्या आत येऊन थांबला.

"सिस्टर, मी डीकन आहे. शपथेवर खोटं कसं बोलू? देवापुढे उभं राहायचंय मला."

"तुझ्या वेळेला मी बोलले होते ना," लुव्हेनिया म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याच देवापुढे. त्याच बायबलवर."

"मी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेतो, सिस्टर."

"ते बंद कर. माझं नाव तू आधीच एकदा घेतलंयस, तेवढं पुरे."

त्याला रडू फुटलं. खरंच रडत होता, ते ढोंग नव्हतं. असल्या माणसांचं रडणं खरं असतं, तेच तर सगळ्यात वाईट. मी उठायला लागले तशी तिने डाव्या हाताने माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं.

"मासा घेऊन जा, ऑर्थेल. मला माझाच आवडतो."

तो गेला. तिने मान पुन्हा पुढे केली आणि मला म्हणाली, "चल, कानामागचं राहिलंय."

कारखाना आता बंद पडलाय. रोझेटा गेली, विल्बर्न गेला. आता कुणाचं औषध तुटणार नाही, म्हणून लिहिते. ऑर्थेल अजून डीकन आहे. लुव्हेनिया त्या चर्चमध्ये जात नाही. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात एकटी गाते, आर्कान्सासात, आणि टेक्सासाच्या अंगाची खिडकी लावून घेते.