नऊ सत्तेचाळीसवर थांबलेला फोन

आमच्या घरात मोबाइलचा जाणकार म्हणून माझी ख्याती होती. ती कोणी पसरवली म्हणाल, तर मीच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी हुद्दा लागतो, म्हणून मी हा घेतला. बायकोच्या फोनचा आवाज बंद झाला की मी तो हातात घ्यायचो, चष्मा कपाळावर चढवायचो आणि गंभीरपणे म्हणायचो, "सेटिंगमध्ये जावं लागेल." सेटिंगमध्ये मी जायचो खरा. परत येताना नेमकं काय काय बदलून आलो ते मलाही कळायचं नाही.

तर असा हा जाणकार, त्या सकाळी सोलापूरच्या घरात एकटा, टेबलावर फोन उभा करून त्याच्यासमोर बसला होता.

माझी मोठी बहीण, अक्का, अकलूजला दवाखान्यात होती. शेवटचेच दिवस होते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. चार दिवस मीही तिथेच होतो. पण मला खोकला झाला आणि नर्सबाईंनी, "काका, तुम्ही पेशंटला बघायला आलाय का न्यायला?" असं विचारून मला बाहेर काढलं. बायको अक्काजवळ थांबली, मी घरी आलो. निघताना दाजी फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "पाव्हणं, फोन तेवढा जवळ ठेवा." एवढंच. पुढचं बोलायची गरज नव्हती. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, आणि ती भावाने आणायची असते. तो येईपर्यंत मंडळी खोळंबतात. आई-वडील कधीच गेले, दुसरा भाऊ नाही. अक्काचं माहेर म्हणजे मी एकटाच.

म्हणून मी फोन जवळ ठेवला. नुसता ठेवला नाही, ज्ञान वापरलं. स्क्रीन कधीच विझू नये अशी सोय केली, चार्जिंगला लावला आणि रात्रभर तसाच तापत ठेवला. सकाळी त्यावर मोठ्या आकड्यांत वेळ दिसत होती, नऊ सत्तेचाळीस. फोन कुणाचाच आला नव्हता. मी देवाला हात जोडले. म्हटलं, अजून आहे.

चहा केला, पेपर वाचला, आंघोळ उरकली. बाहेर येऊन बघतो तर फोनवर नऊ सत्तेचाळीस आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. आता कोणताही शहाणा माणूस काय करेल? मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि भिंतीवरचं घड्याळ दीड तास मागे केलं. जुनं घड्याळ, ते असंच पुढे पळतं. मोबाइलची वेळ थेट वरून येते, ती चुकत नाही, असं मी शेजारपाजारच्या चारजणांना समजावून सांगितलेलं होतं. वर सकाळ अजून बरीच शिल्लक आहे याचं बरंही वाटलं.

मग पुन्हा खुर्चीत बसलो. अक्काने मला लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं, म्हणजे ढकललं होतं. ते आठवत राहिलो. डोळा लागला असावा. शाळेची रिक्षा गल्लीत थांबली, पोरांचा गलका झाला आणि मी दचकलो. ही रिक्षा साडेबाराला येते. आज दहा-साडेदहालाच शाळा कशी सुटली? भिंतीवर बघितलं, अकरा. फोनवर बघितलं, नऊ सत्तेचाळीस.

स्क्रीनवर बोट फिरवलं, काही हललं नाही. बाजूचं बटण दाबलं, तरी तेच. फोन मेला नव्हता, उजळ चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता, फक्त काही ऐकत नव्हता.

पुढचा दीड तास मी काय काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. आधी त्याला गोंजारलं. मग पाठीवर थापट्या मारल्या. बॅटरी काढून घालायचा माझा जुना हुकमी इलाज, पण या फोनची पाठ उघडतच नव्हती. तरी उलथन्याच्या टोकाने प्रयत्न करून एक कोपरा उडवला. तापलाय म्हणून फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवला. शेवटी ठरवलं, चार्जिंग काढायचं, बॅटरी संपली की आपोआप बंद पडेल, मग चालू करू. आणि तो मरायची वाट बघत बसलो. रात्रभर मीच भरलेली बॅटरी, ती कशाला संपते? शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं, सगळे लग्नाला हैदराबादला गेले होते. दुसऱ्याच्या फोनवरून करावा म्हटलं, तर बायकोचा नंबर पाठ नाही. जाणकार माणूस नंबर कशाला पाठ करेल!

दोन वाजून गेल्यावर सात रस्ता चौकातल्या एका मोबाइलच्या दुकानात पोचलो. काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी फोन उलटसुलट पाहिला.

"कधीपासून हँग आहे?"

"सकाळपासून."

"मग एवढा वेळ काय केलंत, काका?"

"थोडं मारलं."

"आणि हा कोपरा?"

बाईंनी आवाज कमी करायचं बटण आणि चालू-बंदचं बटण एकदमच दाबलं आणि दाबूनच धरलं. मनात दहा मोजावेत एवढा वेळ. स्क्रीन काळी झाली. मग कंपनीचं नाव आलं. "झालं. पैसे नकोत. दोन बटणं तर दाबायची असतात."

आणि फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग, थांबेचना. बायकोचे फोन, भाच्याचे फोन, दाजींचासुद्धा एक. निरोप वरून खाली वाचत गेलो, म्हणजे उलटे. सगळ्यांत वर, "चारपर्यंत थांबतो म्हणतात." त्याखाली, "अहो, आहात कुठे?" त्याखाली, "साडी घेऊन या, विसरू नका." आणि सगळ्यांत खाली, साडेदहाचा, "अक्का गेल्या."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही.

समोरच्याच साडीच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने हसून विचारलं, "कोणासाठी बघायची?"

"बहिणीसाठी. मोठी आहे. हिरवी द्या."

"कार्यक्रम काय?"

आता सरळ सांगायचं की नाही? पण तोंडातून निघालं, "लग्न." झालं. त्याने जरीकाठाची, भरल्या पदराची काढली. "अक्का खूश होतील बघा. फॉल-पिको करून उद्या देऊ का?"

"अशीच द्या."

स्टँडवर गाडी ठरवत बसण्यापेक्षा समोर लागलेली एसटी बरी, असं वाटलं. ती प्रत्येक फाट्यावर थांबली. अर्ध्या वाटेत बायकोचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "मी इथल्या बाजारातून आणली साडी. माहेरची म्हणून मीच घातली अंगावर. नेतायत आता. तुम्ही सावकाश या."

पोचलो तेव्हा घाटावर जाळ खाली बसत आला होता. भाचा माझ्याजवळ आला. "मामा, किती फोन केले."

"अरे, फोन हँग झाला होता."

मागे दाजींचे एक चुलते उभे होते. ते म्हणाले, "व्हय की. ऐनवेळी समद्यांचाच व्हतो." कोणी हसलं नाही. मला घड्याळाची गोष्ट सांगता आली असती, उलथन्याची, कोथिंबिरीची. पण खरं जे होतं ते थापेपेक्षा वाईट दिसत होतं. भाचा पलीकडे जाऊन उभा राहिला.

घरी दाजींनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत डोकावले आणि म्हणाले, "तिच्या पेटीत ठेवतो. तिची तिच्या साड्यांत राहू द्या." दाजी भला माणूस.

तेराव्याला पेटी उघडली. अक्काच्या साड्या आठवण म्हणून नात्यातल्या बायकांनी एकेक घेतल्या. विटलेल्या, काठाला जरा फाटलेल्यासुद्धा हौसेने घेतल्या, नाकाला लावून घेतल्या. शेवटी पेटीत एकच उरली, दुकानाची चिठ्ठी तशीच असलेली. भाचीने ती उचलली, पदर बघितला आणि परत घडी घातली.

"मामा, ही आईची नाही ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"नाही," मी म्हणालो, आणि पिशवीत घालून परत सोलापूरला आणली.