बोटातली गाठ

सुई बोटात गेली तेव्हा फारसं दुखलं नाही. हातमोज्यावर रक्ताचा ठिपका उमटला आणि मग दिसलं, की सिरिंजचा दट्ट्या माझ्या अंगठ्याखाली थोडा पुढे सरकला होता. म्हणजे आतलं द्रावण माझ्या अंगात गेलं होतं.

बेळगावातल्या प्रयोगशाळेत मी एका प्रथिनावर काम करते. ताणलेली कातडी जागेवर आणणारं जे प्रथिन आपल्या अंगात असतं, त्याचाच छोटा तुकडा माळेसारखा पुन्हापुन्हा जोडून आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो. बर्फात ते पाण्यासारखं नितळ असतं. ऊब लागली की त्याचे रेणू आपणहून एकमेकांना बिलगतात. नळीतलं पाणी ताकासारखं पांढरं होतं, आणि अंगाच्या उबेला त्याचा गोळाच बसतो. पुन्हा बर्फात ठेवलं की पुन्हा नितळ. यात औषध मिसळून कातडीखाली टोचलं तर ते गोळ्यातून हळूहळू झिरपत राहील, अशी आमची आशा. पण अजून उंदरालाही ते कुणी टोचलं नव्हतं. जिवाणूंचा गाळ त्यातून पुरता निघालेला नव्हता, आणि तो अंगात गेला तर थंडीताप भरून जिवावरही बेतू शकतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "थंडीताप आला तर लगेच परत यायचं," ते म्हणाले. असलं काही त्यांनीही आधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं.

उचगावला घरी जाताना बसमध्ये मी सारखी बोट चाचपत होते. पेराशी मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी टणक लागत होतं. नळीत शेकडो वेळा पाहिलेलं ते आता माझ्याच कातडीखाली घडत होतं, आणि झाकण लावून बाजूला ठेवायची सोय नव्हती.

घरी आईनं बोट बघितलं. "काय चावलं गं?"

"सुई लागली."

"लई सुजलंय की. थांब, शेकते."

तिनं तव्यावर फडकं तापवलं आणि माझा हात धरला. मी हिसका देऊन हात सोडवला आणि ओरडलेच, "गरम नको!"

आई फडकं हातात धरून बघतच राहिली. तिला काय सांगणार? शेकलं तर गोळा आणखी घट्ट होईल. बर्फ लावला तर विरघळेल, आणि विरघळून अंगभर पसरेल. बोट ना गरम करता येत होतं ना गार. मी हात मांडीवर उताणा ठेवून बसले. मग थंडी भरून माझे दात वाजायला लागले.

"आप्पा, गाडी काढा," आईनं माझ्या वडिलांना हाक मारली. मोटरसायकलवर मी मधे, मागून आई मला कवटाळून. शाल होती, तरी माझा थरकाप थांबत नव्हता. तिच्या छातीची ऊब पाठीला लागत होती, आणि त्या उबेचीही मला भीती वाटत होती.

दवाखान्यात सलाईन लावताना वयस्क नर्सबाई कानडीत म्हणाल्या, "अंजब्याडवा." घाबरू नको. ते ऐकल्यावर मला रडू फुटलं. आई माझा दुसरा हात घट्ट धरून बसली होती.

"तुझ्या त्या कामातलंच हाय न्हवं हे?" तिनं विचारलं.

"व्हय."

"जीव घेतंय काय?"

"न्हाय," मी म्हणाले. मला खात्री नव्हती.

सकाळी ताप उतरला. त्या गाळानंच अंग तापलं असावं, असं डॉक्टरांचं म्हणणं. गाठ मात्र लगेच गेली नाही. रोज अंघोळीच्या वेळी मी ती दाबून बघायची. हळूहळू ती तांदळाएवढी झाली, मग लागेनाशी झाली.

मी कामावर परतले तेव्हा सरांनी नियम बदलला होता : ते द्रावण भरताना सुई लावायचीच नाही, बोथट नळी लावायची. बाकीचे कामाला लागले. मी प्रथिनाची नळी बर्फातून काढली, हातमोज्यातल्या मुठीत धरली आणि ती पांढरी व्हायला लागताच घाईनं परत बर्फात खुपसली. मग थोडा वेळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.