वाहिद मिस्त्री आणि कालचं ऐकणारं यंत्र

घाटंजीच्या बाजार ओळीत टोकाला वाहिद मिस्त्रीचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. पण विहिरीतली जळालेली पाणबुडी मोटर घेऊन माणूस थेट तिथंच यायचा. बायको जोहराबी म्हणायची, "तुमच्या कपड्याला अत्तर लावा नाहीतर काही करा, वास त्या तारांच्या वॉर्निशचाच येणार." आणि ते खरंच होतं.

या माणसाचा एक दंडक होता. जुना पार्ट फेकायचा नाही आणि स्वतःकडे ठेवायचाही नाही. नवी बेरिंग बसवली की जुनी पुसून, कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "घ्या, तुमचं जुनं सामान. बदललं का नाही, डोळ्यानं पाहून घ्या." त्याच्या वडिलांनी घातलेली ही शिस्त. घाटंजीच्या आसपास कितीतरी घरांत फळीवर अशा गंजक्या बेरिंगा पडलेल्या असतील. कामाच्या काहीच नाहीत, पण कुणी टाकत नाही.

आता असा माणूस कॉम्प्युटरच्या नादी कसा लागला? तो काही लागला नाही हो, त्याला लावलं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कापसानं सगळ्या जिल्ह्याला दगा दिला होता, बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही. शेतात पीक कमी आणि गावात जीपगाड्या जास्त, अशी ती वर्षं. जो यायचा तो वहीत लिहून न्यायचा. त्यातल्याच एका संस्थेनं चार कोसांवरच्या बंजारा तांड्यात माहिती केंद्र काढलं. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक फोन. रोज सकाळी कॉम्प्युटर फोनवरून यवतमाळच्या मोठ्या यंत्राला हाक मारायचा आणि अळीची खबर, फवारणीचा सल्ला, कापसाचा भाव असा कागद छापून काढायचा. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स होतं. ते फुकट मिळतं म्हणून संस्थेनं घातलं, आणि दुरुस्तीला जवळपास माणूस कोण, तर वाहिद. मोटर दुरुस्त करतो ना? मग झालं तर! तीन दिवस यवतमाळला नेऊन शिकवलं आणि सोडून दिलं.

वाहिदचं इंग्रजी मोटरच्या पाटीवर असतं तेवढंच. पण हात सावध. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, तो एकेक अक्षर बोटानं दाबायचा आणि वहीत टिपून ठेवायचा.

केंद्र चालवायची बबिता. धावजी आणि रुपीबाईची मुलगी, तांड्यातली बारावी झालेली पहिली पोरगी. कापूस गेल्यापासून धावजीचं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. मागच्या साली बबितापण गेलती, हाताला पाचटाचे चरे घेऊन आली होती. यंदा केंद्र होतं म्हणून ती राहणार होती. केंद्र नसेल तर ट्रकमध्ये बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं. धावजी वाईट माणूस नव्हता, पण तोडायला कोयते दोन असण्यापेक्षा तीन बरे, एवढं त्याला कळत होतं.

आणि नेमकं दिवाळी उलटताच यवतमाळच्या मोठ्या यंत्राचा पत्ता बदलला.

संस्थेच्या साहेबांचा फोन वाहिदला आला. "मिस्त्री, सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक फाईल आहे. त्यात जुन्या पत्त्याचे आकडे आहेत, तिथं नवे टाका. पाच मिनिटांचं काम. सोमवारी आम्ही तपासणीला येतोय. जे केंद्र बंद दिसेल ते उचलून दुसऱ्या गावाला देणार, वरून तसं सांगितलंय."

शुक्रवारी वाहिद सायकल मारत तांड्यावर गेला. फाईल उघडली, जुने आकडे पुसले, नवे घातले. त्याआधी मात्र आपल्या शिस्तीप्रमाणे जुन्या फाईलची नक्कल काढली, तिला 'जुना-१' नाव दिलं आणि तिथंच, त्याच फोल्डरात, नव्या फाईलच्या शेजारी ठेवली. जुनं सामान फेकायचं कसं?

यंत्र बंद करून चालू केलं. पडद्यावर ओळ आली. यंत्र जुन्याच पत्त्याला हाक मारत होतं.

"चाचा, नवा टाकला ना तुमी?" बबितानं विचारलं.

"टाकला ना बेटा! हे पाय." फाईल उघडून दाखवली. नवे आकडे ढळढळीत दिसत होते. पुन्हा चालू केलं, पुन्हा जुना पत्ता. वाहिदनं फोनची वायर पाहिली, प्लग काढून फुंकला, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. मोटरला हे उपाय लागू पडतात. इथं काय फरक पडणार, कपाळ!

शनिवारी तो पुन्हा हजर. रात्रभर एकच शंका डोक्यात होती, की हे यंत्र ती फाईल वाचतं तरी का? पाहायला सोपं होतं. मुद्दाम चुकीचे आकडे टाकायचे. वाचत असेल तर चुकीच्या पत्त्याला जाईल. त्यानं आधी नक्कल काढली, 'जुना-२', आणि मग फाईलमध्ये स्वतःच्या दुकानाच्या फोनचे आकडे कसेबसे बसवून दिले.

यंत्र चालू केलं, आणि टर्र टर्र करत प्रिंटरमधून कागद बाहेर आला! अळीची खबर, कापसाचा भाव, सगळं. यंत्रानं यवतमाळच्या नव्या, बरोबर पत्त्यालाच हाक मारली होती.

बबिता नाचायचीच बाकी राहिली. "झालं चाचा! लागलं!"

वाहिदनं डोक्याला हात लावला. फाईलमध्ये साफ खोटे आकडे आणि यंत्र खरं बोलून राह्यलं? "या अल्ला, हे तं उलटंच झालं. बरोबर लिवलं तं बंद, चूक लिवलं तं चालू!"

"राहू द्या ना मंग तसंच. चालू हाये ना?"

बरोबरच होतं तिचं. सोमवार टळला असता. वाहिद तसाच घरी आलाही. पण जेवायला बसला आणि घास हातात तसाच. जोहराबीनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "चालतंय ते चालू द्या. सगळ्याच गोष्टी तुम्हाला समजायला पाहिजेत का?"

पण या माणसाची खोड! जी मोटर का फिरते ते कळलं नाही, ती आपल्याच मर्जीनं बंद पडणार, हे त्यानं तीस वर्षं पाहिलेलं. ती नेमकी साहेबांसमोर बंद पडली तर? आणि साहेबांनी फाईल उघडली, आत घाटंजीच्या टपरीचा फोन नंबर दिसला तर?

रविवारी तो तिसऱ्यांदा गेला. नक्कल काढली, 'जुना-३'. खोटे आकडे पुसले, खरे टाकले, दोनदा वाचले, बबिताकडूनही वाचून घेतले.

यंत्र ठप्प. पडद्यावरची ओळ सांगत होती, की ते आता वाहिदच्या दुकानाच्या आकड्यांना हाका मारतंय.

बबिता एकदम फुटली. "काहून हात लावला तुमी? मी म्हटलं होतं ना, राहू द्या म्हणून! चालू होतं ना चांगलं! आता उद्या ते येतीन आन् नेतीन उचलून. तुमचं काय जाते? ट्रकमंदी मले बसा लागन!" आणि ती ओढणीत तोंड घालून रडायला लागली.

मोटर जळाली तर माणूस शिव्या देतो, त्या ऐकून घेता येतात. हे रडणं वाहिदला ऐकवत नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं मिस्त्री म्हणून मिरवलो आणि एका पोरीला घरी ठेवायच्या ऐवजी ट्रकमध्ये बसवलं!

"बेटा, हे यंत्र कालचं ऐकते," तो पुटपुटला. "शुक्रवारी मी नवं सांगतलं, त्यानं आधीचं ऐकलं. शनिवारी खोटं सांगतलं, त्यानं शुक्रवारचं ऐकलं. आज खरं सांगतलं, तं कालचं खोटं घेऊन बसलं. असं कसं? काल सांगतलेलं तं मी पुसून टाकलं!"

तेवढ्यात रुपीबाई आली. पोरीचं रडणं अंगणापर्यंत गेलं होतं. तिनं पोरीकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, मग मिस्त्रीकडं. यंत्रातलं तिला काय कळणार? पण वाहिद मिस्त्री तिला पुरता ठाऊक होता. दोन वर्षांमागं विहिरीवरच्या मोटरची बेरिंग त्यानंच बदलली होती, आणि जुनी बेरिंग तिच्या पत्र्याच्या डब्यात अजून होती.

"वाहिदभाई, तीन दिस झाले, बदलूनच राह्यले तुमी," ती म्हणाली. "मंग याचं जुनं सामान कुठी हाये? आमाले तं काईच देल्लं नाई."

"थे हातात द्याचं नसते भाभी. फाईल असते. आतच ठेवलं, नव्याच्या बाजूले."

"आतच?" रुपीबाईला हसावं का रागवावं कळेना. "जुनी बेरिंग आतच ठेवली असती तं फिरली असती का आमची मोटर?"

वाहिद ताडकन उठून फोनकडं धावला. रविवार होता, साहेब घरी जेवत होते.

"साहेब, एकच सांगा. त्या फोल्डरात मी दुसऱ्या फायली ठेवल्या तं यंत्र त्याही वाचते का?"

"सगळ्याच वाचतं की!" साहेब म्हणाले. "नावाच्या क्रमानं एकेक वाचतं आणि शेवटची वाचलेली खरी धरतं. का हो? काय ठेवलंय तुम्ही तिथं?"

काय ठेवलं होतं! शिस्त ठेवली होती वडिलांची. प्रत्येक बदलाच्या आधी काढलेली, कालच्या आकड्यांची नक्कल रांगेत शेवटी जाऊन बसत होती, आणि यंत्र बिचारं इमानदारीनं तिचंच ऐकत होतं. वाहिदनं फोन ठेवला आणि स्वतःच्याच तोंडात एक हलकी चापट मारून घेतली.

बबिताच्या टेबलात एक फ्लॉपी होती. जुना-१, जुना-२, जुना-३, तिन्ही फायली त्यानं तिच्यात नेल्या आणि फोल्डरातून काढून टाकल्या. आत उरली एकच फाईल. यंत्र चालू केलं. प्रिंटर टर्र करून वाजला, आणि बबिता पुन्हा रडली, पण या रडण्याचं वाहिदला काही वाटलं नाही.

त्यानं फ्लॉपी शर्टाला पुसली, वहीचा कागद फाडून त्यात गुंडाळली आणि रुपीबाईच्या हातात दिली. "घ्या भाभी. तुमचं जुनं सामान."

सोमवारी जीप आली. साहेबांनी बटण दाबलं, कागद निघाला, वहीत खूण झाली, चहा झाला, जीप गेली. झालं. एवढ्याचसाठी तीन दिवस.

आठ दिवसांनी ऊसतोडीचा ट्रक घाटंजीच्या बाजारात डिझेलसाठी थांबला. तांड्यातली माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं एकावर एक. वाहिद हातातलं काम टाकून टपरीबाहेर आला आणि वरची तोंडं एकेक करून पाहत गेला. धावजी होता, रुपीबाई होती. बबिता कुठंच नव्हती. त्यानं पुन्हा एकदा पाहिलं. नव्हती.

रुपीबाईनं वरूनच त्याला हात केला. मग ओढणीची गाठ सोडून आतलं काळं चौकोनी काहीतरी त्याला दाखवलं. फ्लॉपी होती ती.

"अवो भाभी, हे कायले घेऊन चालल्या उसात?" वाहिद ओरडला. "घरी ठेवाचं होतं ना डब्यात!"

"नाई बाप्पा!" ट्रक सुरू झाला तशी ती मोठ्यानं म्हणाली. "घरी पोरगी एकटी हाये. हे पुन्हा आत गेलं तं?"

तिनं गाठ पक्की बांधली, आणि ट्रक पुसदच्या रस्त्याला लागला.