सोमवारची पाटी

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये दर सोमवारी ऑफिसातले एक सहकारी माझ्या शेजारी बसत आणि मान वाकडी करून कानातलं पाणी काढत. शनिवार-रविवार मालवणला, हौसेने बुडी मारून ते प्रवाळावरचे मासे मोजायचे. पाण्याखाली पेन्सिलीने भरलेली प्लास्टिकची पाटी वाकडचा थांबा येईपर्यंत खोडरबराने साफ करायचे. आकडे आधीच वहीत उतरवलेले असत.

"एकदा या हो, दाखवतो."

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणायचो. पोहता येतं मला, पण रविवारची झोप मोडवत नसे. अशी सहा वर्षं गेली.

परवा पाटी जवळजवळ कोरीच होती. पाणी तापून प्रवाळ पांढरं पडून मरतंय, म्हणाले.

मी घाईघाईने म्हणालो, "या दिवाळीत येतोच."

त्यांनी खोडरबर बाहेर काढलंच नाही.

"या की. आता मोजायला फार वेळ लागत नाही."