विहिरीच्या पाण्याची कावीळ

रुग्णालयात शहाणपण पगारपत्रकाच्या क्रमाने खाली झिरपत येते, हे मोझेस भिंगारदिवे यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी उमगले होते. अधीक्षक सर्वांत शहाणे, मग इतर डॉक्टर, मग परिचारिका. आणि मागच्या खोलीत लघवीच्या नळ्या ओळीने मांडून बसणारा प्रयोगशाळा सहायक जवळजवळ शेवटचा. संगमनेरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात त्यांना बावीस वर्षे झाली. या काळात तीन अधीक्षक आले आणि गेले, पण मागच्या खोलीच्या गळक्या छताकडे त्यांच्यापैकी एकानेही मान वर करून पाहिले नाही.

मोझेस मात्र कुढणारे नव्हते. नळी खिडकीच्या उजेडात धरायची, रंग न्याहाळायचा, मग वरून आयोडिनचे थेंब अलगद सोडायचे. दोन थरांच्या सांध्यावर हिरवी कडी उमटली, तर पित्त उतरले आहे, म्हणजे कावीळ. ही कडी त्यांना बावीस वर्षांनंतरही पाहावीशी वाटे. साडेपाचला सायकल, घरी बायको मरियाच्या हातचा चहा आणि रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीतले गायन, एवढ्यावर त्यांचे उत्तम चालले होते.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका वृषाली कानडे आपल्या पीएच.डी.साठी त्या खोलीत एक संगणक घेऊन आल्या. शेजारी स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवला. नळीतल्या द्रवातून एकेका रंगाचा प्रकाश सोडायचा आणि त्यातला किती गिळला गेला ते मोजायचे, हे त्या यंत्राचे काम. एका नमुन्याचे एकतीस आकडे मोझेस मोठ्याने वाचत आणि वृषालीमॅडम ते संगणकात भरत.

“आणि कावीळ ओळखायची कशी, ते त्याला कोण सांगणार?” मोझेस यांनी विचारले.

“कुणी नाही, काका. तुम्ही तपासलेले नमुने त्याला दाखवत जायचे. तो आपला आपण शिकतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात याला.”

“म्हणजे उमेदवारीच. फक्त चहा मागत नाही.”

उमेदवार हुशार निघाला. मेअखेर चौऱ्याण्णव नमुन्यांपैकी एक्याण्णवांचे त्याचे उत्तर मोझेस यांच्या कडीशी जुळले. अधीक्षकांनी विश्वस्तांना यंत्र दाखवले. मोझेस यांना तेवढा वेळ बाहेर बसवण्यात आले, कारण खोलीत जागा कमी होती.

जुलैमध्ये राजूरच्या आरोग्य शिबिरातून डोंगरातल्या गावांचे चौदा नमुने जीपने आले. यंत्राने अकरा जणांना कावीळ ठरवली. मोझेस यांच्या आयोडिनने हिरवी कडी दाखवली ती एकाच नळीत. अधीक्षकांनी अकराही जणांसाठी नाशिकला दाखल होण्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांतली बायडाबाई चिठ्ठी न्यायला स्वतःच आली. राजूरच्या वरच्या वाडीतली पन्नाशीची विधवा, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला. सांगितल्याप्रमाणे ताजा नमुनाही घरूनच बाटलीत घेऊन आली होती.

“भाऊ, नाशिकला किती दिस ठिवत्याल?”

“आठ-दहा तरी.”

“आठ दिसांत रोपं म्हातारी व्हत्याल. आवनी कोन करील? तुमचं मशीन?”

भाताची रोपे उपटून खाचरात लावण्याचे हेच दिवस होते. आवणी चुकली की वर्षाचा भात चुकला. मोझेस उठले आणि अधीक्षकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

“साहेब, त्या अकरांपैकी दहांना कावीळ नाही. मी दोनदा तपासलं.”

“भिंगारदिवे, वय काय तुमचं?”

“त्रेपन्न.”

“आणि चष्म्याचा नंबर?” अधीक्षकांनी मान वर केली नाही. “मशीनला चष्मा लागत नाही. जा.”

मोझेस परत आले. बायडाबाई बाकावर बसून बाटलीच्या तोंडात खुपसलेली पानाची गुंडाळी ओढून काढत होती. गुंडाळी निघाली, तशी तिची बोटे लालसर झाली. तिने ती लुगड्याला पुसली.

“हे पान कसलं, मावशी?”

“सागाचं. बूच कुठून आनू? उन्हाळ्यात पानं नसत्यात, तवा चिंधी लावितो. आता कवळी फुटल्यात.”

“सगळेच लावतात?”

“व्हय. मंग काय त्वांडात बोट घालून आनायची?”

मोझेस खुर्चीत बसले. डोंगरातली बाटली आली की पान टोपलीत टाकायचे, नमुना गाळून नळीत घ्यायचा, वर आकडा चिकटवायचा, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी केले होते. मॅडमना दिसत होत्या त्या फक्त नळ्या. डोंगरातल्या माणसांची लघवी पाण्यावाचून राबल्याने गडदच असते, असे म्हणून तो रंग मोझेस यांनीच सोडून दिला होता. कोवळ्या सागाचे पान चुरले की हात लाल होतात, हे कोणीही सांगितले असते. विचारले कोणी नव्हते.

त्यांनी ताजा नमुना नळीत काढून ठेवला, ती बाटली विसळली, आवारातल्या विहिरीचे पाणी तिच्यात भरले, तेच पान तोंडात खुपसले आणि डोंगरातून जीपने येताना हलते तशी ती खडखडून हलवली. दुपारी वृषालीमॅडम आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे पंधरावी नळी ठेवली.

“पेशंटचं नाव?”

“रंगुबाई.”

“वय?”

“बरंच आहे. बांधलेली आहे.”

मॅडम आकडे भरण्यात गुंतल्या होत्या. पडद्यावर उत्तर उमटले: कावीळ, सत्त्याण्णव टक्के.

“अरेरे! हिला आजच नाशिकला हलवायला हवं.”

“हलवू की. पण मॅडम, कठड्यासकट न्यावी लागेल.” मोझेस यांनी खिडकीतून विहिरीकडे बोट दाखवले.

मॅडमनी आधी विहीर पाहिली, मग नळी. मग डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. बाई प्रामाणिक होत्या.

“यंत्र शून्यावर आणताना आपण आपल्या स्वच्छ बाटलीतलं पाणी घेतो,” मोझेस म्हणाले. “त्यांच्या बाटलीतलं, त्यांच्या पानाचं घ्या. पानाचा रंग तिथेच वजा होईल.”

तसे केले. पडद्यावर बायडाबाईच्या ताज्या नमुन्याच्या आलेखाची रेघ सरळ उतरली आणि यंत्राने ‘नाही’ म्हटले. उरलेल्या नमुन्यांत सागाचे पाणी वजा करून पाहिले, तेव्हा कावीळ एकट्या श्रीमंत नावाच्या गड्यापाशी उरली, जिथे हिरवी कडी होती तिथेच. ‘मला शंका होतीच,’ असे म्हणून अधीक्षकांनी दहा चिठ्ठ्या फाडल्या. पुढे मॅडमच्या लेखावर मार्गदर्शकाचे आणि अधीक्षकांचे नाव छापून आले. मोझेस यांच्या वाट्याला तळटीपेतले ‘स्थानिक साहाय्य’ आले. त्यांना ते एक कप चहापुरते खुपले.

“मंग मला झालंय तरी काय?” बायडाबाईने त्या दुपारी विचारले.

“रक्त तपासलं, ते कमी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या या गोळ्या घ्या, दूध-गूळ खा,” मोझेस म्हणाले.

“सुई न्हाई?”

“नाही.”

“यवढ्या लांब बोलावलं अन् सुई न्हाई!” ती उठली. “रविवारी आवनी हाय. तुमीबी या, वैनींना घिऊन. हात कमी पडत्यात.”

रविवारी चर्च सुटल्यावर मोझेस आणि मरिया राजूरच्या एस.टी.त बसले. मरियाच्या माहेरी भात होता; तिचा हात झरझर चालला. मोझेस यांनी गुडघाभर चिखलात वाकून दीड ओळ लावली. बायडाबाईने ती कमरेवर हात ठेवून नीट पाहिली, एकेक रोप उपटले आणि पुन्हा सरळ लावले.

“बसा भाऊ बांधावर,” ती म्हणाली. “गानं म्हना.”

ते बसले आणि खालच्या पट्टीत म्हणू लागले. अंधार पडायच्या आत खाचर भरले.