वळकटीबाईंचा उलटा दिवस

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वळकटीबाई म्हणत, आणि त्यांना ते नाव मनापासून आवडे. काम एकच, पण काय काम! उंदराचं मोठं आतडं उभं चिरायचं, धुवायचं आणि दात कोरायच्या काडीवर गुंडाळायचं. शेपटीकडचं टोक, म्हणजे आतड्याचा शेवट, आत; पोटाकडचं, म्हणजे सुरुवात, बाहेर. मग त्याचा पातळ काप काचपट्टीवर ठेवला की सगळं आतडं एका नजरेत दिसतं, आणि सूज कुठे आहे ते कॉम्प्युटर आतून बाहेर मोजत जातो. एकोणतीस वर्षांत एक वळकटी चुकली नाही, हे बाई येता-जाता ऐकवत.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई तोंड पाडून आल्या. आतड्याच्या अस्तराची सूज शमवणारं त्यांचं औषध. त्याने शेवटाकडची सूज घालवली होती, पण आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नवीनच उपटली होती. एक दुखणं काढून दुसरं देणारं औषध कोण घेणार? दुपारच्या बैठकीत चार वर्षांच्या कामावर पाणी पडणार होतं.

"औषध दिलेले उंदीर माझ्याकडे कधी आले होते?" बाईंनी सहज विचारलं.

"बारा तारखेला."

बाईंना तो दिवस आठवला. बारा तारखेला सकाळीच लेकीचा फोन आला होता, मुलगी झाली म्हणून. दिवसभर बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना फोटो दाखवून झाला होता. तेवढ्यात हातांनी काय केलं, देव जाणे.

गप्प बसल्या असत्या तर एकोणतीस वर्षांची शान शाबूत राहिली असती. खड्ड्यात गेली ती शान, असं मनाशी म्हणत त्या बोलल्या, "त्या दिवशीच्या वळकट्या मी उलट्या गुंडाळल्या असतील."

दोघी मायक्रोस्कोपकडे धावल्याच. सुरुवातीच्या भागात अस्तराला आडव्या घड्या असतात. त्या वळकटीत बाहेर दिसायला हव्यात. पहिल्या पट्टीत घड्या मधोमध. दुसरीत तेच. अठराच्या अठरा उलट्या! म्हणजे कॉम्प्युटरने शेवटालाच सुरुवात धरलं होतं, नवीन सूज नव्हतीच. ती शेवटाकडची जुनीच, उरलीसुरली चिमूटभर. डॉक्टरीणबाईंनी बाईंना गच्च मिठी मारली आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटल्या.

बैठकीत साहेबांनी विचारलं, हे झालं कसं? बाईंनी फोन पुढे केला. साहेबांनी फोटो दुसऱ्यांदा पाहिला आणि औषधाचं काम पुढे चालू ठेवायच्या कागदावर सही केली.

हल्ली बाई येता-जाता ऐकवतात, "एकोणतीस वर्षांत अठराच चुकल्या, आणि त्याही सगळ्या एकाच पोरीपायी."